मोकळी पात

आखाती देशातल्या अल खौदच्या त्या लहानशा कलादालनात पोलंडच्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. यशश्रीनं सासूला सोबत आणलं होतं, कारण घरी एकटी ठेवली की प्रभावती खिडकीपाशी बसायची आणि संध्याकाळी तिथंच सापडायची. बाळ बाबागाडीत झोपलं होतं.

प्रभावती एका चित्रापुढं थांबली. काळी माती, खाली उतरलेलं आभाळ, बिटाच्या रानात ओणवलेल्या पाच बाया. डावीकडून आडवं पिवळं ऊन येत होतं.

चित्रं घेऊन आलेली हान्ना जवळ आली. साठीची बाई, मऊ बोलायची. तिनं इंग्रजीत सांगितलं, यशश्रीनं मराठीत. "आई, ही पहाट आहे म्हणतात. बाया नुकत्याच कामाला लागल्यात."

"सांज हाय."

"आई, त्यांचा अभ्यास आहे."

"असू दे. उपटलेलं तण बघ. पार सुकलंय. सकाळी हिरवं असतंय ते." प्रभावतीनं बोट पुढं केलं. "आणि ही गुडघ्यावर आलीय. सकाळी बाई उकिडवी बसती."

यशश्रीनं अडखळत ते सांगितलं. हान्नानं चष्मा चढवला, चित्राच्या अगदी जवळ गेली. बराच वेळ वाकून राहिली. मग हसली आणि वही काढून काहीतरी लिहू लागली.

"अजून काय दिसतं, विचारतायत त्या."

"एक बाई आली न्हाई आज." दोन बायांच्या मधे हातभर रुंदीची पट्टी होती, गवतानं भरलेली. मागंपुढं सगळं साफ. "प्रत्येकीची एकेक पात असती. हिची मोकळी सोडलीय."

हान्ना म्हणाली, चित्रकारानं ती जागा समतोलासाठी ठेवली असेल. पण बाकीच्या बायांनी ती का नाही घेतली, असंही तिनं विचारलं.

"लगेच कोण घेतंय?" प्रभावती म्हणाली. "मेली असंल ती."

आवाज बदलला नव्हता. बाजारातून कोथिंबीर आणायला सांगावं तसा होता. यशश्रीनं शेवटचं वाक्य इंग्रजीत सांगितलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी रखमाबाई गेल्याचा फोन आला, तेव्हाही प्रभावती "बरं" म्हणाली होती आणि भेंडी चिरत राहिली होती. थोरली जाऊ. पस्तीस वर्षं दोघींच्या पाती शेजारी. मुलगा तानाजी तेव्हा म्हणाला होता, आता जाऊन काय करणार आई, माती तर झाली. आणि बाळाकडं कोण बघणार? त्यावरही ती "बरं" म्हणाली होती. रडली नव्हती. त्या रात्री सगळ्यांना तेच बरं वाटलं होतं.

"आई," यशश्री म्हणाली, "गावाला फोन लावू?"

"काय बोलू?"

यशश्रीनं लावलाच आणि तिच्या हातात दिला. तिकडं पाच वाजले असतील. रखमाबाईंच्या सुनेनं, नूतननं, उचलला. मागं वारा होता, बायांची बोलणी होती.

"काकी! रानातच हाय. भुईमूग भांगलतोय आम्ही, तण लय झालंय. आजच हात लावला."

"किती जणी?"

"सहा. बोला की."

प्रभावतीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "तिची पात कोण धरतंय?"

नूतनचा आवाज आला, आधीपेक्षा खाली. "दोन्ही मोकळ्याच सोडल्यात, काकी. बाया म्हणाल्या, आत्ता नको."

"दोन कोणत्या?"

"त्यांची. आणि तुमची."

हान्ना वही मिटून उभी होती. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, पण ती हलली नाही. बाबागाडीत बाळानं कूस बदलली. प्रभावतीनं नकळत हात लावून गाडी हलवली, थांबवली.

"माझी तू धर," ती फोनमध्ये म्हणाली. "तण माजलं की शेंग धरत न्हाई."

"आणि सासूबाईंची?"

"तिची ऱ्हाऊ दे. ती मी धरते."

"म्हणजे येताय? कधी?"

प्रभावतीनं फोन कानापासून खाली घेतला. नूतनचं "कधी, काकी?" दालनात बारीक ऐकू येत होतं. ती यशश्रीकडं बघत उभी राहिली.