समोरची बाजू

"बाबा, गजराक माझा इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवू?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून दुर्वाने हे भर मंडपात, थेट माईकवरून विचारलं. डबलबारी, म्हणजे दोन भजनी मंडळांची जुगलबंदी, रंगात आली होती. एका बाजूला बुवा म्हणून तिचे बाबा, समोर चुरशीला शेजारगावचे बुवा. चारचौघांत नाही कसं म्हणणार? बाबांनी मान डोलावली.

मग काय, विठ्ठलाच्या गजराखाली असा दणका घुमला की म्हातारेकोतारेसुद्धा उठून नाचायला लागले. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "बुवानू, तुम्ही गप ऱ्हवा, पोरीकच वाजवंदेत!"

हशा पिकला आणि बाबांचं डोकं फिरलं. शेजारी बसलेल्या साथीदाराची झांज हिसकावून त्यांनी पॅडवर हाणली, पुन्हा हाणली. तिसरा घाव दुर्वाच्या बोटांवर बसला. पॅड रक्ताने माखला.

"अवो, सोडा तिका," म्हणत आई मधे पडली. समोरच्या बुवांनी धावत येऊन आपल्या उपरण्याने दुर्वाची बोटं बांधली. "माझ्या मंडळात वाजवशीत?" त्यांनी हळूच विचारलं.

"घराक चल," बाबा गुरगुरले. "परत मंडपात दिसलंस तर हात तोडीन."

"दिसतलंय," दुर्वा म्हणाली. "आई, बाबा, फुडच्या डबलबारीक मी समोरच्या बुवांकडसून बसतलंय."