आधी चाकं

"डाव्या अंगाचा इंजिन बंद पडला," माई म्हणाली, आणि तिनं नारळाची दुसरी कवड आडाळ्यावर खवायला घेतली.

तिच्याकडे पाठ करून बसलेल्या सत्यवानानं, तिच्या लेकानं, उजव्या पायाखालची करवंटी दाबली. पुढ्यात आंब्याची रिकामी पेटी उभी होती. तिच्यावर कोळशानं घड्याळं काढलेली, फटीत दोन लाकडी पळ्या खोवलेल्या. पळ्या म्हणजे इंजिनं, पायाखालच्या दोन करवंट्या म्हणजे विमान सरळ धरायचे पायदांडे. शेजारी एक उलथनं, तो चाकं खाली सोडायचा दांडा. मोटार बघायलाही देवगडपर्यंत चालत जावं लागायचं अशा त्या दिवसांत मिठबावच्या एका पडवीत हे विमान असं उडत होतं. हसायचं त्यानं खुशाल हसावं, माईला हसू येत नव्हतं. सोमवारी मुंबईत परीक्षा होती, आणि ती शेवटची होती. यात नापास झाला की विमान सुटलं ते कायमचं.

मागच्या खेपेला परीक्षा घेणाऱ्या साहेबानं शेजारी बसून मुद्दाम एक इंजिन बंद केलं होतं. खोटं खोटं, बघू काय करतो म्हणून. सत्यवानानं सगळं बिनचूक केलं. एका इंजिनावर विमान जड होतं, म्हणून चाकं अगदी शेवटी सोडायची, धावपट्टी जवळ आली की. नेमक्या त्या घडीला साहेबानं विचारलं, "तुमचं गाव कुठलं हो?" झालं! हा पठ्ठ्या अदबीनं मान वळवून गाव सांगत बसला, तालुक्यासकट. साहेबानं विमान परत वर उचललं नसतं तर ते पोटावरच बसलं असतं.

हे ऐकल्यावर माईनं कपाळाला हात लावला होता. मोठ्या माणसानं हाक मारली की हातातलं काम टाकून ओ द्यायची, हे तिनंच त्याच्या अंगात मुरवलेलं. असं गुणी पोर गावात दुसरं नाही, असं शेजारची जानकी म्हणायची तेव्हा हिला मूठभर मांस चढायचं. म्हणून आता तीच साहेब झाली होती. इंजिन बंद पाडायची आणि ऐन वेळी काहीतरी विचारायची.

"सत्या, पेज जेवतलस?"

"व्हय गो, वाढ." त्यानं वळून पाहिलं. उलथनं होतं तिथंच राहिलं.

माई 'मेलास' म्हणायला गेली आणि जीभ चावली. "आपटलस," ती म्हणाली. "चाकां खंय आसत?"

"तू विचारलस म्हणान..."

"मी विचारलंय तरी ओ देव नको. माका थांबाक जमता, विमानाक जमणा नाय."

"तुका ओ द्यायची नाय, ह्या माका जमणा नाय, माई."

"जमूक होया."

बोलली खरी. पण नापास झाला तर कायमचा घरी येईल, समोर बसून जेवेल, हाकेसरशी ओ देईल. हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि तिनं ते गिळलं.

"चल, परत वर जा. उजवा इंजिन बंद."

सत्यवानानं डावी करवंटी दाबली, उजवी पळी मागे ओढली. त्याची नजर कोळशाच्या घड्याळांवरून फिरली. "पट्टी दिसता," तो पुटपुटला. आता काय विचारावं या नादात माई त्याच्या पाठीकडे बघत राहिली, हात खवतच होता, आणि आडाळ्याचं पातं तिच्या अंगठ्यात शिरलं.

"आई गो..."

सत्यवानाचे खांदे दचकले. मान अर्धी वळली, आणि थांबली. हात पुढे गेला, त्यानं उलथनं खालपर्यंत दाबलं. "चाकां खाली," तो म्हणाला. मग तो हसत वळला, आणि त्याला लाल झालेलं खोबरं दिसलं.

तो धावलाच. तिचा हात दोन्ही हातांत धरून खाली बसला. "खरा लागला गो? माका वाटला, तू मुद्दाम..." त्याचे डोळे भरून आले.

अंगठा ठणकत होता. माईनं त्याच्या केसांवरून दुसरा हात फिरवला. मग तिनं पेटीकडे बोट दाखवलं.

"विमान अजून वर आसा. जा, आधी उतरव."

तो गेला. बाहीनं डोळे पुसत त्यानं उरलेली पळी हळूहळू मागे ओढली. माई अंगठा पदरात आवळून विमान टेकेपर्यंत उभी राहिली.