दाराबाहेरचं गठुडं

टेबलावरच्या पेल्यातलं पाणी स्थिर होतं. मुंबई सोडल्यापासून त्या पाण्यावर सतत बारीक वर्तुळं उठत होती. इंजिनाचा कंप पोलादातून टेबलात आणि टेबलातून पाण्यात पोचत होता. शिवांगी लातूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. डोळे उघडताच तिची नजर पेल्यावर गेली आणि तिला कळलं, क्रूझ धक्क्याला लागली. सहल संपली.

मग तिने आईच्या पलंगाकडे पाहिलं आणि ती ताडकन उठून बसली. केवळाबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. त्यांच्या उशाशी गठुडं नव्हतं.

किल्लारीच्या भूकंपात केवळाबाईंचं दगडामातीचं घर बसलं. सासू गेली, पहिला मुलगा गेला. शिवांगीचा जन्म त्यानंतरचा, पत्र्याच्या शेडमधला. तेव्हापासून केवळाबाई स्लॅबखाली झोपल्या नव्हत्या आणि गठुडं उशाशी घेतल्याशिवाय तर कुठेच नाही. त्यात एक साडी, टॉर्च, आधार कार्ड, पाण्याची बाटली. जमीन हलली की उचलायचं आणि पळायचं.

लातूरला लेकीकडे राहायला आल्यावरही त्यांची खाट अंगणातच पडली, पत्र्याखाली. घर बांधताना शिवांगीने भिंतींमध्ये भूकंपात टिकणारे काँक्रीटचे पट्टे घालून घेतले होते. तिने आईला नकाशा दाखवला, गज दाखवले.

"पत्रा पडला तर डोकं फुटतंय," केवळाबाई म्हणाल्या. "माणूस दबत न्हाई."

मागच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. पुन्हा थंडीत बाहेर झोपल्या तर छाती सहन करणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आता यंदाचीही दिवाळी होऊन गेली होती. शिवांगीने विषय काढला की आईचं उत्तर एकच, "बघू."

क्रूझवरच्या या बंद खोलीत तर पहिल्या रात्री केवळाबाई गठुडं मांडीवर घेऊन बसूनच राहिल्या. दुसऱ्या रात्रीही तेच. आपण आईला उगाच आणलं, असं शिवांगीला वाटून गेलं.

काल संध्याकाळी उतरण्याच्या सूचना आल्या होत्या. मोठं सामान रात्रीच दाराबाहेर ठेवा. सकाळी लागणाऱ्या वस्तू एका पिशवीत जवळ ठेवा. तुमच्या चिठ्ठीचा रंग पुकारला की मगच उतरा, तोवर निवांत नाश्ता करा. शिवांगीने पिशवीत तिघांचे कपडे, गोळ्या, चष्मे भरले. तिच्या नवऱ्याने, रुद्रेशने, बॅगांना पिवळ्या चिठ्ठ्या बांधल्या. गठुड्याला कुणी हात लावला नव्हता.

दार उघडून रुद्रेश आत आला. तो पहाटेच जिन्यापाशी नंबर लावायला गेला होता. लातूरच्या बस स्टँडवर वाढलेल्या माणसाला गाडी थांबायच्या आत दाराशी असावं लागतं.

"हाकलून दिलं," तो म्हणाला. "पिवळे सगळ्यात शेवटी म्हणं. जाऊन चहा प्या म्हणला."

"अहो, हळू बोला. आईचं गठुडं तुम्ही सामानात दिलं का?"

"मी? मामींचं गठुडं?" रुद्रेशने कानाला हात लावला. "मला काय जीव नकोसा झालाय?"

दोघांनी पलंगाखाली पाहिलं. कपाट उघडलं. न्हाणीघरात पाहिलं.

"आधार कार्ड त्यातच असंल," रुद्रेश पुटपुटला. "गेटवर मागितलं म्हणजे? मी खाली जाऊन बघू का? सामानाचा ढीग लागला असंल."

"काय शोधायलीस गं माय?"

केवळाबाई जाग्या झाल्या होत्या.

"आई, तुझं गठुडं..."

"मीच ठेवलं बाहेर. तुम्ही झोपल्यावर. एक पिवळी चिठ्ठी उरली होती, ती बांधली. कार्ड तेवढं काढून तुझ्या पिशवीत टाकलंय. सासू एवढी येडी न्हाई, जावई."

रुद्रेश हसला आणि खुर्चीत बसला. सकाळपासून पहिल्यांदाच बसला.

शिवांगी आईजवळ गेली. केवळाबाईंच्या गालावर उशीच्या घडीचा वळ उमटला होता. कानापासून हनुवटीपर्यंत, खोल. एका कुशीवर बराच वेळ गाढ झोपल्याशिवाय असा वळ उमटत नाही. तिने तो आईच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"झोप लागली?"

"लागली की." केवळाबाईंना स्वतःलाच ते नवीन वाटत असावं. "दोन रात्री नुसतं ध्यान ठिवून बसले. दार कुठं, जिना कुठं. काल मनात आलं, पळून जावं तर जायचं कुठं? चहूकडं पाणी. मग ते गठुडं घेऊन काय करू? दिलं ठिवून अन् पडले."

बाहेर भोंग्यावर निळा रंग पुकारला. पावलं वाजली, बॅगांची चाकं घरंगळली. रुद्रेशचे पाय हलले, पण तो उठला नाही.

केवळाबाई आपल्या हातांकडे बघत होत्या.

"त्या रात्री मी दारापशी झोपले होते, म्हणून वाचले. पोरगं आत होतं. तवापासून मी दार सोडलं न्हाई."

शिवांगीने पिशवीतून फणी काढली आणि आईचे केस विंचरायला घेतले. हिरवा रंग पुकारला. तिने सावकाश वेणी घातली, शेवटाला गाठ मारली.

"शिवे."

"काय आई?"

"घरी गेल्यावर माझी खाट आत घे. मधल्या खोलीत." त्यांनी वेणीच्या गाठीवरून हात फिरवला. "दारापशी नको. पार भिंतीकडं लाव."