‘क्लॅरियन’ची नवी वार्ताहर

“अठ्ठावीस हजार डॉलर,” ट्रेव्हर म्हणाला.

“वर्षाला?” लोर्नाने विचारलं.

“वर्षालाच.”

“नाही, म्हटलं विचारलेलं बरं. चौकातला बर्गरवाला यापेक्षा जास्त देतो. वर जेवण फुकट.”

ट्रेव्हर हसला. लोर्ना हसली नाही.

बेल्मर क्रॉसिंग हे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं, मक्याच्या शेतांमधलं गाव आणि ‘क्लॅरियन’ हे गावचं साप्ताहिक. दर गुरुवारी निघणारं. वसंतात ते दूरच्या एका कंपनीने विकत घेतलं आणि आता ऑक्टोबरात कंपनीने वार्ताहर नेमायला या पोराला पाठवलं होतं. तीस-बत्तीसचा असेल. टोकदार बूट घालून नेब्रास्कात आलेला.

“आता नेहमीचे प्रश्न,” तो म्हणाला. “वकिलांनी बजावलंय, उमेदवार कुणीही असो, प्रश्न तेच विचारायचे. गावाची माहिती आहे?”

“आहे.”

“नगरपरिषदेच्या सभा कधी असतात?”

“दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सातला. अध्यक्ष साडेसातला उगवतात.”

ट्रेव्हरने कागदावर खूण केली. “अनुभव?”

“बावीस वर्षं.”

“अरे वा,” तो म्हणाला, पण नासलेलं दूध हुंगल्यासारखं तोंड करून.

“आधीच्या बाईंना किती मिळत होते?”

“सत्तेचाळीस हजार. ते पद शुक्रवारी रद्द झालं. हे नवं पद आहे.”

“काम तेच?”

“काम तेच. शिवाय फोटो काढायचे आणि पानं लावायची.”

“आणि त्या बाई? वाईट काम करत होत्या?”

ट्रेव्हर पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. “हे बघा लोर्ना, त्यांच्याबद्दल बोलायची मला मुभा नाही.”

काय निर्लज्जपणा! एका बाईला शुक्रवारी घरी पाठवायचं आणि सोमवारी तिचीच खुर्ची एकोणीस हजारांनी कमी किमतीत विकायला काढायची. लोर्नाला त्या टोकदार बुटांचीसुद्धा किळस आली.

यादीत पुढे ‘कार्यालय दाखवणे’ असं होतं, म्हणून त्याने कार्यालय दाखवलं. म्हणजे एकच खोली. खिडकीपाशी टेबल, खुर्चीवर हाताने विणलेली, मध्ये दबलेली उशी. जमिनीवर पुठ्ठ्याचं खोकं, त्यात एक कप आणि निवडुंगाची कुंडी.

“हे सामान?” लोर्नाने विचारलं.

“आजच्या आज न्यायला सांगितलंय. नाहीतर कचऱ्यात जाईल.”

त्याने टेबलाचा खण ओढून पाहिला. खण हलेना.

“खालून गुडघ्याने ढकला,” लोर्ना म्हणाली. “जुन्या टेबलांचं असंच असतं.”

त्याने ढकलला. खण उघडला.

“आरोग्य विमा?” तिने विचारलं.

“नव्या माणसाला नव्वद दिवसांनी लागू होतो.”

तिला हेच ऐकायचं नव्हतं. “मला नवऱ्याशी बोलायचंय,” म्हणत ती बाहेर फुटपाथवर आली.

डुएनने पहिल्याच घंटीला फोन उचलला. “काय म्हणतोय तो गाढव?”

“अठ्ठावीस. आणि विमा नव्वद दिवसांनी.”

“थुंक त्याच्या तोंडावर आणि घरी ये.”

“फ्रिजमध्ये इन्शुलिन किती उरलंय?”

“आहे, आहे,” डुएन म्हणाला.

“डुएन, विचारतेय मी.”

“दोन कुप्या. अर्धं अर्धं घेतो की. पुरवून पुरवून.”

“मागच्या हिवाळ्यात पुरवून घेतलंस आणि आठवडाभर दवाखान्यात पडलास. परत तो शहाणपणा नको.”

“पण लोर्ने, त्या भावात त्या खुर्चीत बसायचं? लाज वाटेल गं. गाव काय म्हणेल?”

“गावाला अजून कुठे काय माहितीय,” लोर्ना म्हणाली. “तिथेच तर त्यांचं फावतंय.”

ती आत आली, पण बसली नाही.

“विमा पहिल्या दिवसापासून हवा,” तिने सांगितलं. “नसेल जमत तर उद्या मंगळवारच्या सभेला तुम्हीच जाऊन बसा. अध्यक्षांची वाट बघत.”

ट्रेव्हर कोपऱ्यात जाऊन फोनवर कुजबुजला. दहा मिनिटांनी परत आला. “मिळाला. पण कुणाला सांगू नका.”

लोर्नाने कागदावर तसं लिहून घेतलं आणि सही केली. सही करताना हाताला काहीतरी चिकट लागल्यासारखं तिला वाटत राहिलं. तिने तळवा स्कर्टला पुसला.

“परिवारात स्वागत!” ट्रेव्हर म्हणाला. डोंबलाचा परिवार!

तो कोट चढवू लागला. दोन वाजता पुढच्या गावात त्याची अशीच मुलाखत होती. दारातून वळून म्हणाला, “हां, पहिलं काम. इथे कोण आलं, कोण गेलं हे पहिल्या पानावर छापायची रीत आहे म्हणे?”

“आहे. बियाण्यांच्या दुकानातून कुणी निवृत्त झालं तरी छापतात. फोटोसकट.”

“मस्त. लोकांना आवडतं असलं काही. दोन चौकटी करा. आधीच्या बाईंना निरोप आणि नव्या वार्ताहराचं स्वागत. चाळीस-चाळीस शब्द. गोड लिहा.”

“वाचायला कुणाला पाठवू?”

“कुणाला म्हणजे? संपादकाचं पदही रद्द झालंय. थेट छापखान्यात पाठवा.”

त्याची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत लोर्ना खिडकीत उभी राहिली. मग तिने खोक्यातली कुंडी काढून खिडकीत उन्हाला ठेवली, उशीवर बसली आणि लिहायला घेतलं.

निरोपाचे चाळीस शब्द तिने गोड लिहिले. स्वागताचेही तितकेच गोड लिहिले. कुठेही टोमणा नाही, एकही खोटा शब्द नाही.

राहता राहिले फोटो. दोन्ही चौकटींत तिने एकच फोटो लावला, स्वतःचा.