दोनशे चौदावी वाचक

"आई, तुझे वाचक वाढले गं!" ऋता हसत म्हणाली. "दोनशे तेरा होते, आज दोनशे चौदा."

इंदुमती नाबर वेंगुर्ल्याहून दर रविवारी 'परसदार' नावाचं पत्र ईमेलने पाठवायच्या. कढीपत्ता, शेवगा, विहिरीवरचा खंड्या, एवढंच त्यात असायचं. ही नवी नोंदणी दूरच्या ताऱ्याकडे निघालेल्या यानातून आली होती. इथवर पोचायला तिला तीन वर्षं लागली होती.

'मी नऊ वर्षांची आहे. यानातच जन्मले. आई सारखी परसदाराची आठवण काढते. ते कसं असतं?'

"पण हिला पत्र पाठवता येणार नाही," ऋता म्हणाली. "आधी आपली लिंक जायची, तिने ती दाबून होकार द्यायचा, मगच पत्रं सुरू. यान लांब जातंय. लिंक पोचायला चार वर्षं, होकार यायला आणखी चार. आणि लिंक चालते एकच दिवस. ती मुदत वाढवते मी."

"लिंकची वाढवशील. माझी कोण वाढवणार? तेव्हा मी नव्वदीची." इंदुमती म्हणाल्या. "होकार मागणारी मेल तरी जाते ना? ती किती लांब लिहिली तर चालते?"

"कितीही."

मग त्यांनी त्या मेलमध्येच अख्खं परसदार लिहिलं, दाराच्या कडीपासून माडाच्या शेंड्यापर्यंत. शेवटी मायन्याकडे नजर गेली. पत्र हातात पडेल तेव्हा पोर सोळाची झालेली असेल. त्यांनी 'बाळा' पुसलं. आणि पुन्हा 'बाळा'च लिहिलं.