थ्रॅपवेलांचा सरदार

इमोजेन थ्रॅपवेलने ज्याच्याशी लग्न ठरवलं, तोही थ्रॅपवेलच निघाला. अख्ख्या इंग्लंडात हे आडनाव जेमतेम शंभर जणांचं, आणि ‘आम्ही सगळे नॉर्मंडीहून आलेल्या एकाच सरदाराचं रक्त’ असं तिचे आजोबा जन्मभर पबमध्ये सांगत आलेले. रविवारी पाद्र्याने चर्चमध्ये दोघांची नावं वाचून कोणाची हरकत आहे का विचारलं, तेव्हा बाकांवर कुजबुज झाली. घरी येऊन इमोजेनने अंगठी काढून ठेवली.

सोमवारी आजोबाच तिला चर्चमध्ये घेऊन गेले. पाद्री जन्मनोंदींची जुनी बाडं चाळू लागला.

“तिसरं काढा. पान एकेचाळीस, अगदी तळाशी,” आजोबा चष्मा न लावताच म्हणाले.

तिथे लिहिलं होतं : ‘चर्चच्या दाराशी टाकलेलं मूल सापडलं. अशा मुलांच्या रिवाजाप्रमाणे आडनाव थ्रॅपवेल.’ पुढच्या पानावर तसंच आणखी एक. त्यापुढे आणखी दोन.

“म्हणजे आमचं काही नातंच नाही.” इमोजेनच्या जिवात जीव आला. मग तिने आजोबांकडे वळून पाहिलं. “तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

“तुझा बापही जन्मला नव्हता, तेव्हापासून.”

“आणि तो सरदार?”

“त्याला लग्नाला बोलवायचं नाही,” आजोबा म्हणाले.