फलकामागची कवचं

लुएला ड्रायवॉटरच्या घरासमोर, रस्त्याच्या कडेला तो लोखंडी फलक होता. आपल्या मुलखातून हुसकावून आणलेले चेरोकी आदिवासी एका हिवाळ्यात इथे थांबले आणि बरेचसे इथल्याच मातीत राहिले, एवढंच त्यावर लिहिलेलं. गाड्या तिथे थांबत नसत. नवरा गेल्यापासून लुएलाकडेही कुणी थांबत नसे. ती आपली फलकाभोवतीचं गवत काढत बसायची.

त्या दुपारी फलकामागे कासवाची कवचं खुळखुळली.

चेरोकींच्या शेकोटीभोवतीच्या नाचात बाई खडे भरलेली कवचं पिंढऱ्यांना बांधते. ती मागे उभी राहिल्याशिवाय पुढचा पुरुष गाणं उचलत नाही. लुएला जन्मभर नवऱ्याच्या मागे नाचली होती. आता तिची कवचं घरात खिळ्याला टांगलेली असत.

लाकडं टाकायला आलेल्या भाच्याला तिने विचारलं, "अमोस, ऐकलंस?"

"कान वाजतायत तुझे, आत्या. माझ्याकडे राहायला चल. इथे बोलायला हा लोखंडाचा पत्राच काय तो."

"तो निदान रोज भेटतो."

अमोस हसला आणि गाडी काढून निघून गेला.

पुन्हा खुळखुळाट झाला. या वेळी एका पुरुषाने गाणं उचललं आणि पुष्कळांनी त्याला साथ दिली. लुएला कवचांचा ताल ऐकत राहिली. उजवं पाऊल ठाम पडत होतं, डावं ओढत. खुबा मोडल्यापासून तिचंच पाऊल असं पडायचं.

ती लंगडत घरात गेली. खिळा रिकामा होता.

बाहेर नाचाला वेग आला. लुएला दारात खिळून उभी होती. पिंढऱ्यांना ओळखीचं ओझं जाणवत होतं. खाली आपल्या पायांकडे बघायचा धीर मात्र तिला झाला नाही.